खड्डा कुणाचा, हे आधी विचारा

यंदा गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाने गावी निघणार असाल, तर विमा, पीयूसी, स्टेपनी सगळं मागाहून बघा. आधी हद्द पाठ करा. पनवेल ते इंदापूर हे 84 किलोमीटर केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. (हे रायगडातलं इंदापूर. उसाचं नव्हे.) तिथून खाली सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंत पैसा केंद्राचा आणि काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचं. केंद्र आणि राज्य हातात हात घालून चालतात म्हणतात, ते इथे. मध्ये तुम्ही येऊ नका.

पाटा तुटला तर उतरून आरडाओरडा करायचा नाही, आधी किलोमीटरचा दगड शोधायचा. इंदापूरच्या अलीकडे असाल तर दिल्लीच्या नावाने बोटं मोडा, पलीकडे असाल तर मुंबईच्या. तक्रार केलीतच, तर राज्याचे साहेब सांगतील की निधी वरून यायचा असतो. वरचे सांगतील की जमीन राज्याने ताब्यात घेऊन द्यायची असते. दोघंही खरंच बोलतात, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. रस्ता चौपदरी करण्याचा हा खो-खो 2011 सालापासून चालू आहे आणि अजून कुणी बाद झालेलं नाही. त्या साली जन्मलेल्या पोराला आता मिसरूड फुटायला आलंय.

मूर्ती पेणहून घेणार असाल, तर ती मांडीवरच घ्या. एक हात सोंडेखाली, दुसरा मोदकाच्या हातामागे. खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि पहिल्या चार सरींनंतर त्यातले निम्मे तिरके उभे राहतात. चाक त्यावर चढलं की आधी ‘खट्’ होतं, मग काकू पुढच्या सीटवर आपटतात, मग सगळे एकदम ‘मूर्ती, मूर्ती!’ करतात. काकूंना लागलं का, हे माणगावात विचारायचं. माणगावच्या बाजारपेठेत वेळच वेळ असतो. काकड्या घ्या, भाव करा, पैसे देऊन सुटे परत मागा, तरी पुढची एसटी तिथेच दिसेल.

सहकार्याने कामं होतात, असल्या भाबड्या समजुतीत मात्र राहू नका. तसं एकदा घडलं होतं. कोकण रेल्वेसाठी 1990 मध्ये महामंडळ काढलं. 51 टक्के भांडवल केंद्राचं, 22 महाराष्ट्राचं, 15 कर्नाटकाचं, गोवा आणि केरळचे सहा-सहा. पाच सरकारं एका ताटात जेवायला बसली म्हटल्यावर कुणी कुणाच्या वाटीत हात घालायचाच. पण 1998 च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळुरूपर्यंत गाडी धावायला लागली. डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल टाकून, आठ वर्षांत! असा वाईट पायंडा पडू नये याची पुढे चांगलीच काळजी घेतलेली दिसते.

दुसऱ्यांदा घडलं ते महाडला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. तेव्हा निधीही होता, मंजुऱ्याही होत्या, मुख्य म्हणजे कुणाची हद्द हे कुणी विचारलं नाही. पुलाची तातडी वाटायला काय व्हावं लागतं, ते तुम्हाला कळलं असेलच. म्हणून नुसत्या खड्ड्यांसाठी अर्ज करत बसू नका.

तरी रहिवाशांसाठी काहीच होत नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं ठरेल. टोलमाफीचा पास आहे ना! दरवर्षी गणपतीच्या तोंडावर सरकारी निर्णय वेळेत निघतो. पोलीस ठाण्यात किंवा आरटीओत गाडीचा नंबर द्या, पास घ्या, काचेला लावा. आणि तो नुसता या रस्त्यापुरता नाही बरं का, मुंबई-बंगळुरू महामार्गावरही चालतो. म्हणजे कोकणात उतरायचं तर पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करत घाटाने उतरा, अशी वाट सरकारनेच फुकट करून ठेवली आहे. लांब पडेल, पण पाठ शाबूत राहील. कोल्हापुरात जाताना तांबडा-पांढरा मात्र नको. गणपती जाईपर्यंत कळ काढा, येताना बघू.