मूल हरवलंय? गाडी काढा!

हरवलेल्या मुलांसाठी निघणाऱ्या मोटार रॅलीत यंदा नाव द्यायचा विचार असेल, तर आधी गाडी पॉलिश करून घ्या. जनजागृती मळक्या गाडीतून होत नाही, निदान आमच्या इंदुरात तरी नाही.

२५ मे हीच तारीख का, असं कुणी विचारेल म्हणून थोडी तयारी ठेवा. १९७९ साली याच दिवशी न्यूयॉर्कमधला सहा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या बसथांब्याकडे एकटा निघाला आणि परत आलाच नाही. वडील धंद्याने फोटोग्राफर, त्यामुळे मुलाचे स्वच्छ फोटो घरात होते. तेच मग सगळीकडे लागले. १९८३ पासून अमेरिकेत हा दिवस अशा मुलांच्या नावाने पाळतात. एवढं सांगून होईतो विचारणारा पोहे-जिलबीच्या रांगेत पोहोचलेला असतो. तुम्हीही पोहोचा. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला संपतो.

टी-शर्ट एक साईज मोठा मागा, फोटोत पोट दिसत नाही. छातीवर प्रायोजक असतात, पाठीवर १०९८. मुलांसाठीचा हा हेल्पलाईन नंबर पाठीवर असल्याने घालणाऱ्याच्या नजरेस कधीच पडत नाही, तेव्हा पाठ करायचीही कटकट नाही.

राजवाड्यासमोर झेंडा दाखवताना प्रमुख पाहुणे सांगतील की मूल हरवलं तर चोवीस तास वाट पाहा, मग पोलिसांत जा. टाळ्या वाजवा. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की लगेच एफआयआर नोंदवायचा. पण फेटा बांधलेल्या माणसाला भर सभेत दुरुस्त करणं मराठी समाजात बसत नाही. काकूंनी आमच्याकडे बघून डोळे वटारले होते, म्हणून आम्हीही गप्प बसलो.

आता मुद्द्याचं. ही शर्यत नव्हे. ठरलेली सरासरी राखत धार मार्गे मांडूला जायचं. वाटेतल्या वेळ नोंदवणाऱ्या चौकीवर उशिरा पोहोचलात तर गुण कापतात, लवकर पोहोचलात तरी कापतात. म्हणून शेजारी बसलेल्या मेहुण्याच्या हातात स्टॉपवॉच द्या आणि नजर रस्त्याच्या नकाशावर ठेवायला सांगा. वाटेत एखाद्या ढाब्यावर कपबश्या विसळणारं दहा वर्षांचं पोर दिसलं, तर ते कुठलं, कुणाचं, असले प्रश्न मनात आणू नका. थांबलात की गुण गेलेच. गेल्या वर्षी आमचे सात गेले, तेही मेहुण्याला लघवीला लागली म्हणून.

मांडूत जहाज महालासमोर गाड्या ओळीने लावून फोटो काढा. भरपूर काढा. आणि त्या वेळी संयोजकांचा पाच वर्षांचा नातू दिसेनासा झालाच, जसा आमच्या वेळी झाला, तर ताबडतोब माईक धरा. आम्ही धरला. वर्णन सांगितलं: नारिंगी टी-शर्ट, पाठीवर घोषणा. मैदानातल्या दोनशे माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, सगळेच तसे. मग फोटो शोधला. आजोबांच्या मोबाइलमध्ये सकाळपासूनचे तीनशे फोटो होते, त्यातले पावणेतीनशे बॉनेटचे. नातू एकाच फोटोत सापडला, तोही पाठमोरा. १०९८ मात्र त्यात अगदी स्पष्ट वाचता येत होता. तरी फोन लावायचं कुणाला सुचलं नाही. आजी तोवर खाली जमिनीवर बसली होती, आणि कुणीतरी तिला ‘सहभाग’ लिहिलेल्या प्रमाणपत्राने वारा घालत होतं.

नातू गोरखचिंचेची ती मोठाली फळं विकणाऱ्या बाईपाशी सापडला. तिने त्याला सावलीत बसवलं होतं, आईचं नाव विचारून घेतलं होतं आणि हात सोडला नव्हता. आजोबा धावत जाऊन उचलायला लागले, तर बाईने आडवा हात घातला. ‘रुको साब, पहले बच्चे को बोलने दो कौन हो तुम.’ संयोजक, स्वागताध्यक्ष, गळ्यात बिल्ला, आणि पोरगं काही बोलेना; तोंडात चिंच होती. ती चघळून होईपर्यंत साहेब उन्हात उभे राहिले.

नंतर त्या बाईचा सत्कार करावा असं सर्वानुमते ठरलं. पण टी-शर्ट तिच्या मापाचा उरला नव्हता, आणि साडेतीनला बक्षीस समारंभ होता.