साखरेचं खाणार त्याला…

पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांचं राज्य कसं बुडालं हे सांगताना लोक 1893 पासून सुरुवात करतात. 16 जानेवारीला ‘बोस्टन’ या युद्धनौकेवरचे अमेरिकी सैनिक होनोलुलूत उतरले, दुसऱ्या दिवशी मूठभर गोऱ्या व्यापारी-वकिलांनी राणी लिलिउओकलानीला गादीवरून खाली खेचलं. खरंच आहे ते. पण मला विचाराल तर राज्य 18 वर्षं आधीच गेलं होतं, सहीशिक्क्यानिशी.

1875 चा व्यापारी तह. त्यासाठी राजा कलाकाउआ (राणीचा भाऊ, तिच्या आधी गादीवर होता) स्वतः वॉशिंग्टनला जाऊन आला होता. हवाईची साखर आणि तांदूळ अमेरिकेत बिनजकात. शिवाय एक बारीकसं कलम : हवाईने आपलं कुठलंही बंदर दुसऱ्या राष्ट्राला भाड्यानेसुद्धा द्यायचं नाही. आता साखरेच्या तहात बंदराचं काय काम, सांगा!

पंधरा वर्षांत साखरेची निर्यात दहापट झाली. डोंगरातलं पाणी पाटांनी उसाकडे वळलं. मजूर चीन, जपान आणि पोर्तुगालच्या मदैरा बेटातून आले. (1881 मध्ये जगप्रवासाला निघालेला हा राजा मुंबईलाही येऊन गेला. मजूर कुठून मिळतील हेही त्या दौऱ्यात तो बघत होता.) पैसा आला, इओलानी राजवाडा उभा राहिला, तिथे विजेचे दिवे व्हाइट हाउसच्या आधी लागले.

आणि गिऱ्हाईक एकच.

तहाची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा अमेरिकेने हवाईतलं पर्ल हार्बर हे बंदर मागितलं. राजा राजी नव्हता. जुलै 1887 मध्ये तिथल्या गोऱ्यांच्या गटाने बंदुकीच्या धाकाने त्याच्याकडून नव्या राज्यघटनेवर सही घेतली. आशियाई लोकांचा मताधिकार गेला, नागरिक नसलेल्या गोऱ्यांना मिळाला. त्याच वर्षी पर्ल हार्बरही गेलं.

मग 1890 चा मॅकिन्ली कायदा, अमेरिकेचा जकातीचा. सगळ्याच देशांची कच्ची साखर बिनजकात, वर अमेरिकेतल्या उत्पादकांना पौंडाला 2 सेंट अनुदान. हवाईची सवलत एका फटक्यात मातीमोल. ‘आपणच अमेरिका झालो तर?’ हा विचार काहींना तिथेच गोड लागला. सगळ्यांना नाही हं. साखरसम्राट स्प्रेकल्स विलीनीकरणाच्या विरोधात होता, कारण मग करारबद्ध मजूर ठेवता आले नसते.

कलाकाउआला मी मूर्ख म्हणणार नाही. व्हेल-शिकारीचा धंदा बसला होता, रोगराईने प्रजा घटत होती. दुसरं मोठं गिऱ्हाईक आणणार कुठून?

1895 मध्ये राणीला त्याच झगमगत्या राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडलं. तिथे तिने सोबतिणीबरोबर रेशमी तुकड्यांची गोधडी शिवायला घेतली, मधोमध हवाईचे झेंडे. ती गोधडी अजून त्या राजवाड्यात आहे.