फोनला पाचवं वर्ष लागू द्या

नव्या फोनमध्ये काय असायला हवं, हा वाद सध्या आमच्या घरी, सोसायटीच्या ग्रुपवर आणि कॉलेजच्या जुन्या मित्रमंडळींत जोरात चालू आहे. दसरा-दिवाळीच्या ऑफर आल्या की तो दरवर्षीच पेटतो. एकाला मोठा कॅमेरा हवा, दुसरीला वीस मिनिटांत फुल्ल चार्जिंग हवं, तिसऱ्याला घडीचा फोन हवा. ज्याने त्याने आपल्या पैशाने आपल्याला हवं ते घ्यावं. पण यात माझं एक ठाम मत आहे आणि ते आज सविस्तर लिहिते. फोनमधली जी वस्तू झिजणार आहे, ती आपल्या गावात आणि परवडेल अशा पैशांत बदलता आली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

हे मत कुठून आलं ते सांगते. कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात रविवारी सकाळी मी फोन शिकवायला जाते. यूपीआयने पैसे कसे पाठवायचे, पीएमपी बसच्या ॲपवर तिकीट कसं काढायचं, परदेशातल्या नातवाला व्हिडिओ कॉल कसा लावायचा. तिथे येणारे बहुतेक फोन नवे नसतात. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे येतो. आईचा त्याआधीचा फोन घरकामाच्या मावशींकडे जातो आणि मावशींकडून त्यांच्या गावाकडच्या भावाकडे. पुण्यातल्या कितीतरी घरांत फोन असाच हातोहात पुढे जातो. म्हणजे फोन निवडतो एक जण, आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतात त्याच्यानंतरचे दोघं-तिघं. पेन्शनचा मेसेज, गॅसचा ओटीपी, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, मुलांच्या शाळेचा ग्रुप, सगळं त्या जुन्या फोनवर. आणि फोनमध्ये काय असावं हे ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही.

या लोकांच्या तक्रारी ऐका. ‘चित्र स्पष्ट येत नाही’ असं क्वचितच कुणी म्हणतं. ‘दुपारपर्यंतसुद्धा चार्जिंग टिकत नाही.’ ‘पिन सैल झालीय, वायर एका बाजूला दाबून धरावी लागते.’ ‘जागा नाही म्हणतोय.’ ‘बँकेचं ॲप चालेना.’ या चार वाक्यांत जवळजवळ सगळं येतं.

बॅटरीपासून सुरू करू, कारण खरा घोळ तिथे आहे. लिथियम-आयन बॅटरी ही मुळातच झिजत जाणारी वस्तू आहे. प्रत्येक चार्जिंगबरोबर आतलं थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं आणि क्षमता घटते. उष्णतेने हे आणखी लवकर होतं. एप्रिलच्या दुपारी स्कूटरच्या हँडलवर मॅप लावून ठेवलेला फोन किंवा उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन आतून म्हातारा होत असतो. पुढे आत वायू साठून बॅटरी फुगते आणि स्क्रीन वर उचलली जाते. यात वापरणाऱ्याचा काही गुन्हा नाही. रसायनच तसं आहे, आणि हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग जी वस्तू तीन-चार वर्षांत थकणार हे ठाऊक आहे, ती गोंद लावून आत का चिकटवायची?

आमच्या संघातल्या एका काकूंच्या फोनची बॅटरी फुगली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवा फोन घ्या. फोन बाकी उत्तम होता. स्क्रीनवर एक ओरखडा नव्हता. शेवटी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास विचारत फिरल्यावर एका मुलाने बॅटरी बसवून दिली. त्याने हीट गनने मागची काच गरम केली, पातळ पत्ती फिरवून ती सोडवली, जुनी बॅटरी हलक्या हाताने खरवडून काढली. फुगलेली बॅटरी खरवडणं हे जोखमीचं काम आहे. ती टोचली गेली तर पेट घेते. तो मुलगा कुशल होता म्हणून झालं. पण बसवलेली बॅटरी ओरिजिनल होती की डुप्लिकेट, हे त्यालाही खात्रीने सांगता आलं नाही. माझा राग त्या मुलावर नाही. तापकीर गल्लीत आणि बुधवार पेठेत अशी कुशल माणसं आहेत म्हणून या शहरातले किती तरी फोन चालू आहेत. त्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती रीतसर मिळायला हवी.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘मागचं झाकण उघडणारं ठेवलं तर फोनमध्ये पाणी जाईल.’ पुण्याच्या पावसात हा मुद्दा बिनमहत्त्वाचा नाही. पण २०१४ चा सॅमसंगचा गॅलेक्सी एस ५ आठवा. मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी हाताने निघायची, मेमरी कार्ड घालता यायचं, हेडफोनचा जॅक होता, टीव्ही-एसीचा रिमोट म्हणून चालणारा इन्फ्रारेड होता, आणि या सगळ्यासकट त्याला आयपी ६७ मानांकन होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. झाकणाच्या आतल्या कडेला रबरी सील आणि चार्जिंगच्या खाचेवर छोटं झाकण होतं, एवढंच. त्याच कंपनीने २०२२ मध्ये कामगार आणि फील्डवरच्या लोकांसाठी काढलेल्या एक्सकव्हर ६ प्रोमध्येही निघणारी बॅटरी आणि पाण्यापासून संरक्षण दोन्ही दिलं. नेदरलँड्सची फेअरफोन तर मालकाने स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रीन, बॅटरी, चार्जिंगचा भाग स्वतः बदलावा असेच फोन बनवते. फोन एखाद-दोन मिलिमीटर जाड होतो, हे खरं. पण आपण तो घेतल्या दिवशी जाड कव्हर घालतोच ना!

युरोपीय संघाने हे मनावर घेतलं आहे. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोनना नियम लागू झाला: ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊनही बॅटरीत मूळच्या ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि किमान ५ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट मिळाले पाहिजेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून फोनच्या किमतीशेजारी तो दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण छापावे लागले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि असेच गुण भारतातही द्यावेत यासाठी समिती नेमली. मला वाटतं, लक्ष्मी रोडवरच्या दुकानात मेगापिक्सेलच्या आकड्याशेजारी हे गुण मोठ्या अक्षरांत दिसले, तर लोक नक्की वाचतील. आपण पुणेकर गाडी घेताना मायलेज आणि रिसेल दोन्ही विचारतो. फोनच्या बाबतीत विचारत नाही, कारण तो आकडा समोर कुणी ठेवतच नाही.

आता हेडफोन जॅक. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून तो काढला तेव्हा त्याला ‘धाडस’ म्हटलं होतं. पुढे बाकीच्यांनीही काढला. मला मात्र तो हवा आहे, आणि आठवणी दाटून येतात म्हणून नव्हे. ब्लूटूथच्या इअरबड्समध्येही बॅटऱ्या असतात. दोन कानांत दोन, डबीत एक. म्हणजे झिजणाऱ्या वस्तू एकाच्या चार झाल्या. त्यातही इवलासा इअरबड सोफ्याच्या फटीत गेला की आमच्या आजी-आजोबांना तो सापडत नाही. वायरवाला इअरफोन गळ्यात राहतो, चार्ज करावा लागत नाही, आणि त्याच्या वायरचा अँटेनासारखा उपयोग करून फोनमधला एफएम रेडिओ चालतो.

रेडिओचं नाव काढलं की तरुण मंडळी हसतात. पण २५ जुलै २०२४ आठवा. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. अशा दिवशी वीज जाते, सगळे एकदम नेटवर तुटून पडतात, व्हॉट्सॲपवर खऱ्या-खोट्या मेसेजची सरमिसळ होते. रेडिओला नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही आणि बॅटरीही फार कमी खातो. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानेच फोन कंपन्यांना सांगितलं होतं, की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे तिथे ती बंद ठेवू नका. कारण आपत्तीच्या काळाचं दिलं होतं. तरी आज दुकानात एफएमवाला फोन मागून पाहा.

बटणांचंही तसंच. पावसात भिजलेल्या बोटांना टच नीट दाद देत नाही, हे प्रत्येक दुचाकीवाल्याला माहीत आहे. म्हणून संकटात मदत बोलवायचा रस्ता खऱ्या, दाबता येणाऱ्या बटणातूनच हवा. भारतात १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय असावी असा नियम झाला. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं, अशी कल्पना होती. हल्ली अनेक अँड्रॉइड फोनवर ते पाचदा दाबावं लागतं. संघात मी हे शिकवते तेव्हा बहुतेकांना अशी सोय आहे हेच माहीत नसतं. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबरही नवा वाटतो. माझी मागणी साधी आहे. सगळ्या कंपन्यांच्या फोनवर ही पद्धत एकच असावी आणि फोन पहिल्यांदा चालू करताना मराठीत ती करून दाखवावी. हे वाचलंत की तुमच्या आईच्या फोनमध्ये सेटिंग आज तपासा.

बोटांच्या ठशांचं एक राहिलं. आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या हातांचे ठसे पुसट झालेले असतात. सेन्सर ते ओळखत नाही, आणि मावशी संकोचून फोन पुन्हा पिशवीत ठेवतात. मोठ्या आकड्यांचा साधा पिन सहज निवडता यावा, एवढं तरी बनवणाऱ्यांनी पाहावं.

सिमबद्दल माझं मत आणखी पक्कं आहे. अमेरिकेत २०२२ पासून आयफोन फक्त ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच बसवलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर आले, आणि तो प्रकार आता पसरतो आहे. आपल्याकडे सगळा व्यवहार ओटीपीवर चालतो. फोन अचानक बंद पडला तर सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालायला दोन मिनिटं लागतात. हॉस्पिटलचं बिल भरायच्या रांगेत ही दोन मिनिटं फार मोलाची असतात. ई-सिम जरूर द्या, पण सिमचा ट्रे काढू नका. मेमरी कार्डाची जागाही त्यातच असते. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची फुकट अमर्याद साठवण बंद केली, तेव्हापासून ‘जागा नाही’ म्हणणारे फोन वाढलेत. कार्ड घातलं की प्रश्न सुटतो, आणि दर महिन्याला पैसेही द्यावे लागत नाहीत.

अपडेट दिसत नाहीत म्हणून त्यांच्यावर वाद होत नाहीत. पण फोन धडधाकट असूनही तो मरतो तो इथे. १ जानेवारी २०२५ ला व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ वरच्या फोनना रामराम केला. बँकांची ॲपही जुन्या सिस्टिमवर एकेक करून थांबतात, आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचं ते बरोबरही आहे. गूगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने एस २४ ला ७ वर्षांचे अपडेट कबूल केले. ते महागडे फोन, सोडून द्या. पण २०२४ मध्ये गॅलेक्सी ए १६ सारख्या स्वस्त फोनलाही ६ वर्षांचं वचन मिळालं. म्हणजे हे करणं शक्य आहे. मग बाकीच्यांना दोन-तीन वर्षांवर का सोडायचं?

मला नको असलेल्या गोष्टीही आहेत. मागे चार डोळे दिसावेत म्हणून लावलेला दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा, कॅमेरा नको. कडेला वळवलेली काच नको, ती पडली की हमखास फुटते आणि तिला धड टेम्पर्ड ग्लास बसत नाही. लॉक स्क्रीनवर जाहिराती तर अजिबात नकोत. माझ्या सत्तरीतल्या विद्यार्थ्यांना जाहिरात कुठली आणि बँकेचा मेसेज कुठला हे कळत नाही, आणि या वयात त्याची किंमत फार मोठी पडू शकते. कॅमेऱ्याच्या बाबतीत दुचाकीच्या शहराने आणखी एक लक्षात ठेवावं. मोठ्या इंजिनच्या मोटारसायकलचे हादरे हँडलवरून थेट फोनला बसत राहिले, तर कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं. ज्यांची रोजी हँडलला अडकवलेल्या फोनवर चालते, त्या डिलिव्हरीच्या मुलांनी जास्त महागडा कॅमेरा घेऊ नये असं मी त्यांना आवर्जून सांगते. उन्हात स्पष्ट दिसणारी स्क्रीन आणि मोठी बॅटरी त्यांना जास्त उपयोगाची.

‘लोकांनाच चकचकीत हवं असतं, कंपन्या काय करणार?’ असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. पण लोक निवडतात ते समोर ठेवलेल्यातूनच. निघणारी बॅटरी, जॅक, कार्ड, ६ वर्षांचे अपडेट आणि ठीकठाक कॅमेरा असलेला वीस हजारांच्या आतला फोन पुण्यातल्या एका तरी दुकानात नीट मांडून ठेवला, आणि मग तो कुणी घेतला नाही, तर मी त्याचं ऐकेन.

तोवर एक काम करू या. तुमच्या फोनच्या बॅटरीची किंमत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. मॉडेल, घेतल्याचं वर्ष, सांगितलेले पैसे आणि किती दिवस थांबा म्हणाले, एवढं खाली कॉमेंटमध्ये लिहा. ‘बॅटरी येत नाही’ असं उत्तर मिळालं तर तेही लिहा. मी सगळं एकत्र करून आमच्या संघाच्या फलकावर लावणार आहे, म्हणजे दिवाळीत आईबाबांसाठी फोन घ्यायला निघालेल्यांना आधी ते वाचता येईल.