‘पाणी तुंबत नाही ना? मग ट्रॅप ठीक आहे’ – अजिबात नाही!

जुना फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं सार असं: तपासणीवाले ‘ट्रॅप (सिंक किंवा न्हाणीखाली ड्रेनेजच्या वाटेवर बसवलेला, पाणी धरून ठेवणारा भाग) कालबाह्य’ असं लिहून देतात, ती निव्वळ लूट आहे. पाणी झरझर जातंय म्हणजे ट्रॅप उत्तम. जाळीखालची वाटी केस अडवते, काढून फेका. वास आलाच तर फिनाईल ओता. 40 वर्षांत कुणी मेलं नाही.

पाणी झरझर जाणं ही ट्रॅपची परीक्षाच नाही. त्याचं काम थोडं पाणी अडवून ठेवणं. या वॉटर सीलमुळे ड्रेनेजचा वायू आणि झुरळं घरात शिरत नाहीत. सील किमान 50 मिमी हवं. सिंकखालच्या जुन्या एस-ट्रॅपचा पाइप वळसा घेऊन थेट खाली उतरतो. भरलेलं सिंक एकदम सोडलं की जाणारं पाणी सीलही ओढून नेतं. शेवटी मोठ्याने गुडगुडलं तर शंका घ्या. पी-ट्रॅपचा पाइप आडवा भिंतीत जातो; पुढे व्हेंटमधून, म्हणजे हवेसाठी जोडलेल्या पाइपातून, हवा मिळाली की सील टिकतं.

वाटीचा सल्ला तर सगळ्यात घातक. जाळीखाली ती उपडी वाटी दिसते ना, तो बेल ट्रॅप. मधोमध पाइपाचं तोंड वर आलेलं, भोवती पाणी, त्यात वाटीची कड बुडलेली. सील जेमतेम बोटाच्या रुंदीएवढं, आणि वाटी उचलली की तेही संपलं. अमेरिकेत वापरात असलेल्या इंटरनॅशनल प्लंबिंग कोडने बेल ट्रॅप आणि एस-ट्रॅप दोन्ही बाद ठरवलेत ते उगीच नाही. खाली वेगळा न्हाणी ट्रॅप, म्हणजे लादीखाली बसवलेला ट्रॅप, असेल तर वाटीवाचून अडत नाही. पण आधी टॉर्च मारून आत पाणी दिसतंय का ते बघा.

फिनाईलने वास झाकला जातो, बस. फरक पडतो तो बहुधा सोबत ओतलेल्या पाण्याने, सुकलेला ट्रॅप भरतो म्हणून. ते काम तांब्याभर पाणी फुकटात करतं.

‘कुणी मेलं नाही’? 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत 300 हून अधिक रहिवाशांना सार्स या श्वसनाच्या जीवघेण्या साथरोगाची लागण झाली. बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप सुकलेले होते आणि एक्झॉस्ट फॅन ड्रेनेजमधली हवा आत ओढत होते, असं तपासात पुढे आलं. आपल्याकडेही महिनोन्‌महिने कुलूपबंद असलेल्या फ्लॅटमध्ये ट्रॅप असेच सुकतात.

राहिली लूट. ती होते, नाही असं नाही. जुना बिडाचा न्हाणी ट्रॅप खोल असेल, तडा नसेल, तर त्याला हात लावू नका. बेसिनचा पाइप त्याच न्हाणी ट्रॅपमध्ये पडत असेल तर वर आणखी बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा बाटलीसारखा ट्रॅप) कशाला, हेही विचारा. सिंकखालचं काम फारशी तोडफोड न करता होतं. न्हाणी ट्रॅप बदलायचा तर मात्र लादी फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं, तेव्हा ते राहायला जाण्याआधीच उरका आणि खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा.