‘आधी तीन लाख जमवा, मग घटस्फोटाची केस टाका’ हा सल्ला चुकीचा आहे

कळवा-विटाव्याकडच्या बायकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, घटस्फोटाला कमीत कमी तीन लाख लागतात, ते जमेपर्यंत कोर्टाची पायरी चढू नका. कोर्ट फीच परवडत नाही. फुकट वकील फक्त घरी बसलेल्या बाईला मिळतो आणि तो बिनकामाचा असतो. नवऱ्याकडून पैसे मिळतात ते निकालानंतर.

हेच मला सहा वर्षांपूर्वी शेजारपाजारच्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं आणि दीड वर्ष थांबले. ऐरोलीला पॅकिंगचं काम, महिन्याला बारा हजार, मुलगी दुसरीत. शेवटी आईने दिलेल्या पाटल्या मोडून वकिलाला पहिली रक्कम दिली. त्यातलं काय टाळता आलं असतं ते आज मला माहीत आहे, म्हणून लिहितेय.

कोर्ट फीचं आधी सांगते, कारण ते एका वाक्यात संपतं. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतींतल्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. खर्च होतो तो झेरॉक्स, नोटरी, रिक्षा आणि तारखेला बुडालेल्या रोजाचा. तो खरा आहे आणि बोचतो, पण तो तीन लाख नव्हे.

‘फुकट वकील फक्त बेकार बायकांना’ हे तर साफ खोटं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्री असणं एवढंच पुरेसं आहे, तिच्या पगाराची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा आहे ती बाकीच्यांना, आपल्या राज्यात वर्षाला ३ लाख रुपये. म्हणजे रिक्षा चालवणारा एखादा भाऊ बायकोशी केस लढत असेल आणि कमाई त्या आत असेल, तर त्यालाही वकील मिळू शकतो. ठाण्यात कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

आता ‘बिनकामाचा’. प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे, म्हणजे त्यांच्या यादीतले, काही वकील तारखेला उशिरा येतात, फोन उचलत नाहीत, हे मी पाहिलंय. पण पैसे मोजून केलेले माझे पहिले वकील तरी कुठे वेगळे होते? दर तारखेला दोन हजार घेत आणि पुढची तारीख मागत. वकील बदलायचं ठरवलं तेव्हा ‘बाकी द्या, मग फाइल देतो’ म्हणाले. मी उसने आणून दिले. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. पोटगीत टक्का मागणंही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. पॅनेलवरचे वकील त्याच कोर्टात रोज उभे राहणारे असतात आणि त्यांची फी प्राधिकरण देतं. त्यांनी तुमच्याकडे पैसे मागितले किंवा काम केलं नाही, तर तिथेच लेखी तक्रार करून वकील बदलून मागा.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो शेवटचा मुद्दा, नवऱ्याकडून पैसे निकालानंतरच मिळतात हा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केस चालू असतानाच पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. ज्याचं स्वतःचं उत्पन्न पुरेसं नाही त्याला, मग ती बायको असो की नवरा. लग्न कुठल्याही धर्माचं असलं तरी बायकोला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची वाट आहे, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्यातही अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाची, पोटगी आणि केसचा खर्च दोन्ही आहे. अर्ज ६० दिवसांत निकाली काढावा असं दोन्हीकडे लिहिलंय. प्रत्यक्षात जास्त लागतात, माझ्या वेळी सात महिने गेले. पण रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आणि दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. बायको कमावते एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

म्हणजे कोर्टात सात महिने गेले तरी ते महिने हिशेबात येतात. अर्जच न करता घरी बसून काढलेले महिने येत नाहीत. मला महिना सहा हजार मंजूर झाले. थांबलेल्या अठरा महिन्यांचे होतात १ लाख ८ हजार. पैसे जमवायला म्हणून थांबले आणि तेवढे पैसे गेले.

आदेश झाला की पैसे लगेच हातात येतात, असं मात्र समजू नका. नवरा थकवतो, पत्ता बदलतो. कलम १४४ खालची थकबाकी वॉरंटने वसूल करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. त्या अर्जासाठीही प्राधिकरणाचा वकील मागता येतो.