जुन्या वाइनची बाटली हलवू नका

काल आत्याचा फोन आला. आतेभाऊ फ्रान्समधल्या बोर्दोहून येताना आई-बाबांच्या लग्नाच्या सालातली, 1986 ची, तिथल्याच मेदोक भागातली रेड वाइन घेऊन आलाय. रविवारी ती उघडायची आहे. त्यातच कुणीतरी आत्याला ‘जुनी वाइन पिण्याचे पाच नियम’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर पाठवला. “बाटली हलवूनच ओतायची ना रे?” तिनं विचारलं, आणि मला गप्प बसवेना.

हा त्यातला चौथा नियम. म्हणे तळाचा गाळ हे वाइनचं सत्त्व, औषधासारखी बाटली हलवून घ्या. अहो, चाळीस वर्षांत टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारी द्रव्यं) आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटत जड होतात आणि खाली बसतात, सोबत टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडेही असतात. तो साका विषारी नाही, पण कडवट असतो आणि जिभेवर वाळूसारखा लागतो. तो खाली बसला म्हणून तर वरची वाइन मऊ झाली. इतकी वर्षं जे निवळलं तेच ढवळून पाहुण्यांना द्यायचं?

दुसरा नियम तितकाच घातक: ‘वाइनला श्वास घेऊ द्या, सहा तास आधी पसरट भांड्यात ओतून ठेवा.’ कोवळ्या, तुरट रेडला हवा मानवते, एवढं मान्य. पण जुन्या वाइनचा वास (सुकलेली पानं, अळंबी, चामडं, सीडरचं लाकूड) फार नाजूक असतो, हवेत भराभर विरतो. बोर्दोचे नामवंत वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांचं म्हणणं स्पष्ट होतं: गाळ असेल तरच दुसऱ्या भांड्यात ओता, आणि तेही वाढायच्या अगदी आधी.

‘जितकी जुनी तितकी उत्तम’ हेही खोटं. वाइन म्हणजे लिंबाचं लोणचं नव्हे. बहुतेक बाटल्या काही वर्षांतच संपवायच्या असतात. 1986 च्या मेदोकमध्ये टॅनिन भरपूर होतं, म्हणून ती टिकण्याची आशा आहे. ‘रूम टेम्परेचरला प्या’ असाही एक नियम. पण हे ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे युरोपातल्या जुन्या, गार दगडी घरांतलं. नाशकातली दुपार नव्हे. 16 ते 18 अंश पुरे. आणि ‘हृदयाला चांगली’? जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्येच सांगितलंय की मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. प्यायची तर चवीसाठी, थोडी.

आत्या, बाटली आजच गार, अंधाऱ्या जागी उभी कर आणि हात लावू नकोस. जुनं बूच भुगा होऊन तुटतं, म्हणून दोन पात्यांचं ओपनर मी आणतो. मानेखाली टॉर्च धरून एका धारेत ओतू आणि गाळ मानेशी आला की थांबू. तळाचा अर्धा पेला बाटलीतच राहू दे.