यादीत दिवाळी अंक कुठे?

‘जगावंसं वाटायला लावणाऱ्या गोष्टी फुकटच्या असतात आणि त्या एकट्यानेच अनुभवायच्या असतात’ हे, अशा गोष्टींची यादी देणाऱ्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. त्या यादीतली पहाटेची शांतता, आल्याचा चहा, सगळं मान्य. पण मराठी माणसाने यादी करावी आणि त्यात दिवाळी अंकच नसावा? १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथपासून हे वेड चालू आहे. ते फुकटही नाही आणि एकट्याचं तर नाहीच नाही.

आम्ही वाचनालयाची योजना घेतो. वर्गणी भरायची आणि दोन-तीन महिने अंक बदलून आणत राहायचं. हवा तो अंक नेमका दुसऱ्या कोणीतरी नेलेला असतो. मिळतो तेव्हा त्यातलं शब्दकोडं आधीच्या वाचकाने पेन्सिलीने अर्धंमुर्धं सोडवलेलं असतं (बहुतेक वेळा चुकीचं), एखाद्या कथेवर चकलीच्या तेलाचं बोट उमटलेलं असतं. घरात अंक आधी कोणी वाचायचा यावरून भांडणं ठरलेली. सासूबाई राशिभविष्याचं पान उघडून बसल्या की तासभर अंक सुटत नाही. मला हे सगळं त्या अंकाइतकंच आवडतं. कोरा करकरीत अंक विकत आणून एकटीने वाचला तर निम्मी मजा जाते.

यादी वाढवायची नसेल तर त्यातला पहिला पाऊस काढून टाका. आमच्या गल्लीत त्या दिवशी गटार तुंबतं.